खापरावरून माणूस ओळखता येतो का?

प्रश्न : माझी भाची पुण्यात पुरातत्त्वाचं एम.ए. करून आता युरोपात पीएच.डी.ला गेली आहे. विषय विचारला की म्हणते, 'भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन वसाहती आणि सांस्कृतिक अस्मिता'. घरात कुणालाच त्याचा नीट अर्थ लागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेला माणूस स्वतःला ग्रीक समजत होता की आणखी कोणी, हे फुटक्या भांड्यांवरून कसं कळणार? एवढ्या एका गोष्टीसाठी माणसं सगळं आयुष्य कशी घालवतात? आणि आमच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात समुद्रदेवाची एक छोटी परदेशी मूर्ती आहे, तिचा या विषयाशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. पहिल्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण उरलेले दोन त्याच्याच पोटात आहेत. आणि उत्तर एका बेटावर उभं राहून देतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

इटलीतल्या नेपल्सच्या बंदरातून बोटीनं इस्किया बेटावर जाता येतं. ज्वालामुखीतून घडलेलं बेट, जागोजागी गरम पाण्याचे झरे, त्यामुळे पर्यटकांची कायम वर्दळ. बेटाच्या वायव्य कोपऱ्यात लाक्को अमेनो हे गाव. गावालगत समुद्रात घुसलेली मोन्ते दि विको ही टेकडी आणि शेजारी सान मोन्तानोची दरी. इ.स.पू. आठव्या शतकात टेकडीवर वस्ती होती आणि वस्तीतली माणसं मेली की दरीत पुरली किंवा जाळली जात. वस्तीचं तेव्हाचं नाव पिथेकूसाई. युबिया या ग्रीक बेटावरच्या एरेट्रिया आणि खाल्किस या दोन शहरांतल्या लोकांनी ती वसवली, असं प्राचीन भूगोलकार स्ट्रॅबो लिहून गेला आहे. ग्रंथाचा शब्द प्रमाण मानला तर प्रश्न तिथंच मिटतो : पिथेकूसाईचे लोक ग्रीक.

जॉर्जो बुख्नर यांनी तो मिटू दिला नाही. त्यांचा जन्म 1914 साली म्युनिकचा, वडील प्राणिशास्त्रज्ञ. पण मुलाचं आयुष्य गेलं ते इस्कियाच्या मातीत. 1952 मध्ये त्यांनी सान मोन्तानोच्या दरीत पद्धतशीर उत्खनन सुरू केलं. 1961 पर्यंत नोंदल्या गेलेल्या 723 कबरींचा अहवाल त्यांनी डेव्हिड रिजवे यांच्याबरोबर प्रसिद्ध केला तो 1993 मध्ये. पहिली कुदळ पडल्यापासून 41 वर्षांनी. भाचीचं काम संपत का नाही, असं घरात कुणी विचारलं तर हा आकडा सांगा.

आता त्या कबरींत काय होतं ते पाहा. मोठ्या माणसांना बहुधा जाळत आणि राख, जळकी हाडं, चितेवरची भांडी एकत्र करून त्यावर दगडांचा ढीग रचत. लहान मुलांना खड्ड्यात पुरत. तान्ह्या बाळांना मोठ्या रांजणासारख्या कुंभात, अँफोरात, ठेवून पुरत. कबरींत कॉरिंथची भांडी निघाली, पूर्व एजियनकडची निघाली, इजिप्तचे शेणकिड्याच्या आकाराचे ताईत निघाले, सिरियाच्या बाजूला कोरलेल्या, वीणावादकाचं चित्र असलेल्या मुद्रा निघाल्या. एका मुलाच्या कबरीतल्या ताइतावर इजिप्तचा राजा बोखोरिस याचं नाव आहे. हा राजा इ.स.पू. 720 ते 715 च्या सुमारास जेमतेम काही वर्षं गादीवर होता. त्यामुळे शेजारच्या भांड्यांचा काळ ठरवायला त्या एका ताइताचा मोठा आधार झाला.

पण ताईत इजिप्तचा म्हणून मूल इजिप्तचं ठरत नाही. आपल्याकडे बाळाच्या मनगटात काळे मणी बांधतात. ते मणी कुठल्या गावी घडले, हे बांधणाऱ्या आईला ठाऊकही नसतं. तिला ठाऊक असतं ते एवढंच, की दृष्ट लागू नये. पिथेकूसाईतल्या आयांनीही ताईत बाळांच्याच अंगावर घातले, मोठ्यांच्या क्वचितच. म्हणजे ताईत कुठून आला यापेक्षा तो कुणाला, कशासाठी घातला, यातून त्या घराबद्दल जास्त कळतं. तुमच्या भाचीच्या विषयाचं मर्म इथं आहे. वस्तूचं मूळ गाव शोधायला प्रयोगशाळा लागते. वस्तूचा वापर समजून घ्यायला शेकडो कबरी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

यावरून एक मोठा वाद झाला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. बायकांच्या आणि मुलांच्या कबरींत वस्त्र खांद्यावर अडकवायचे काटे निघाले. आपल्या सेफ्टीपिनचे ते पूर्वज. हे काटे ग्रीक घडणीचे नव्हते, इटलीतल्या स्थानिक घडणीचे होते. बुख्नर यांनी त्यावरून अंदाज बांधला : ग्रीसहून पुरुष आले, बायका त्यांनी इथल्याच केल्या, आणि त्या बायका माहेरचा पेहराव आणि काटे घेऊन आल्या. अंदाज सुरेख होता आणि बराच काळ तो चालला. 1999 मध्ये गिलियन शेपर्ड आणि टामार होडोस या दोघींनी, स्वतंत्रपणे, वसाहतींमधल्या अशा विवाहांच्या या पुराव्याची कसून तपासणी केली. शेपर्ड यांचा मुद्दा साधा होता. काटे इटलीत चांगले घडत होते, बाजारात मिळत होते, दिसायला छान होते. मग ते कुणीही वापरले असतील. दागिन्यावरून माहेर सांगता येत नाही.

हा मुद्दा पटायला आपल्याला लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजाबाहेर उभं राहा. निम्म्याहून अधिक मुली पंजाबी ड्रेसमध्ये दिसतील. दोन हजार वर्षांनी कुणी केवळ त्या कापडावरून 'या गावात पंजाबातून सुना आणत' असं लिहिलं, तर ते किती चुकेल! ग्रीक पुरुष आणि स्थानिक बायका यांची लग्नं झालीच नाहीत, असं शेपर्ड यांनाही म्हणायचं नव्हतं. झाली असणारच. पण त्याला पुरावा म्हणून काटा पुरत नाही.

मग काय पुरतं? कधी कधी एखादं खापर, पण त्यावर कुणाचा तरी हात पडलेला असला पाहिजे. क्रमांक 575 च्या कबरीत एका बाळाला ज्या अँफोरात पुरलं होतं, तिच्यावर सेमिटिक लिपीत अक्षरं कोरलेली आहेत, एक संख्या आहे, आणि फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या, धर्मचिन्हासारखा त्रिकोण आहे. अक्षरं आणि संख्या ती अँफोरा माल भरायला वापरात होती तेव्हाची. त्रिकोण मात्र बाळाला पुरताना काढलेला असावा, असं रिजवे यांचं मत. व्यापारी मालाच्या रांजणावर कुणी तरी, शोकाच्या वेळी, आपल्या देवाची खूण काढली. त्या बाळाच्या आई-बापांपैकी एक तरी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचं होतं, असं म्हणायला इथं जागा आहे. भांडं तेच, पण कोणत्या क्षणी त्याच्याशी काय केलं, यातून माणूस थोडा दिसतो.

आता त्या बेटावरची सगळ्यात प्रसिद्ध वस्तू. 1954 मध्ये 168 क्रमांकाच्या कबरीत एका मातीच्या पेल्याचे तुकडे मिळाले. जोडल्यावर साधारण दहा सेंटीमीटर उंचीचा, दोन कानांचा पेला झाला. घडवलेला पूर्व एजियनमध्ये, आणि भाजून झाल्यानंतर त्यावर तीन ओळी कोरलेल्या, उजवीकडून डावीकडे. ग्रीक लिपीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक. मजकुराचा भाव असा, की नेस्टॉरच्या पेल्यातून पिणं सुखाचं, पण या पेल्यातून जो पिईल त्याला ऍफ्रोडायटीची ओढ लागेल. नेस्टॉर हा ट्रॉयच्या युद्धकथांमधला म्हातारा राजा. म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकात, ग्रीसपासून इतक्या दूरच्या बेटावर, या कथा ऐकणारे आणि त्यांचा संदर्भ घेऊन मैफलीत गंमत करणारे लोक होते. लिपी युबियाची. आणि ती लिपी मुळात फिनिशियनांकडून घेतलेली. एका पेल्यात हे सगळं.

या पेल्याच्या कबरीत दहा ते चौदा वर्षांचं मूल होतं, असं कित्येक दशकं मानलं गेलं. त्यावर लेखांचा ढीग झाला : एवढ्या लहान मुलाच्या चितेशी प्रेमदेवतेचा आणि मद्याचा पेला का? बापानं ठेवला का? ते मूल कुणा मोठ्या घराण्यातलं होतं का? मग 2021 मध्ये पादुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी, इतरांच्या साहाय्यानं, त्या कबरीतली जळकी हाडं पुन्हा बाहेर काढली. हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात गोल गोल रचना दिसतात. वाढत्या वयात हाड झिजतं आणि पुन्हा भरतं, तसतशा या रचना एकमेकींवर चढत जातात, त्यामुळे मूल आणि प्रौढ यांत फरक करता येतो. निष्कर्ष असा निघाला की त्या कबरीत मूल नव्हतंच. किमान तीन प्रौढ माणसांची हाडं होती आणि त्यांत प्राण्यांचीही हाडं मिसळलेली होती.

साठ-पासष्ट वर्षांचे तर्क एका लेखानं बाजूला सारले. पण ते का सारता आले, हे लक्षात घ्या. बुख्नर यांनी प्रत्येक कबरीची नोंद केली आणि जळकी हाडंसुद्धा जपून ठेवली. त्यांचा अंदाज चुकला आणि त्यांच्याच नोंदीमुळे तो चुकल्याचं कळलं. बुख्नर 2005 मध्ये वारले, त्यांना हे पाहायला मिळालं नाही. मला या क्षेत्राबद्दल जो आदर वाटतो तो यासाठीच.

तुम्ही विचारता, माणूस स्वतःला काय समजत होता हे कळतं का. कधी कधी तो स्वतः सांगतो, आणि तेव्हा तो दोन उत्तरं देतो. अथेन्सच्या केरामेइकोस या दफनभूमीत एक संगमरवरी स्मारकशिला सापडली. ती आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्यावर ग्रीकमध्ये लिहिलंय : अँटिपाट्रोस, अफ्रोडिसिओसचा मुलगा, अश्केलोनचा. त्याखाली फिनिशियन लिपीत त्याच माणसाचं नाव : शेम, अब्दश्तार्तचा मुलगा, अश्केलोनचा. अब्दश्तार्त म्हणजे अश्तार्त देवीचा दास. ग्रीक लोक अश्तार्तला ऍफ्रोडायटी मानत, म्हणून बापाचं नाव ग्रीकमध्ये अफ्रोडिसिओस झालं. नावाचं भाषांतर झालं, देवीचंही झालं. फक्त गावाचं नाव दोन्हीकडे तेच राहिलं. शिलेवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला जहाजाचं टोक कोरलेलं आहे आणि मध्ये मृत माणूस निजलेला आहे. ग्रीक मजकुरात सिंहाची गोष्ट समजावून सांगितली आहे, फिनिशियन मजकुरात ती नाही. ग्रीक वाचणाऱ्याला ते चित्र अनोळखी वाटेल, हे शिला उभारणाऱ्याला माहीत होतं.

हा माणूस ग्रीक की फिनिशियन? 'फिनिशियन' हा शब्दच ग्रीकांनी दिलेला. ऑक्सफर्डमध्ये शिकवत असताना जोसेफिन क्विन यांनी 2018 मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि त्यात त्यांनी दाखवून दिलं की ज्यांना आपण फिनिशियन म्हणतो ते स्वतःला सिदोनचे, तायरचे, अमक्याचा मुलगा असं म्हणत. सगळ्यांचा मिळून एक समाज अशी जाणीव त्यांच्या लेखनात सापडत नाही. 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या डीएनए अभ्यासानं त्यात आणखी भर घातली. पश्चिम भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेजच्या परंपरेतल्या ठिकाणांवर पुरलेल्या माणसांमध्ये लेबनॉनकडच्या पूर्वजांचा अंश जवळजवळ नाही. भाषा तिकडची, लिपी तिकडची, देव तिकडचे. रक्त सिसिलीचं, एजियनचं, उत्तर आफ्रिकेचं. रक्तावरून कोण कुठला ते ठरवायला निघालेल्यांना या अभ्यासानं चांगलंच थांबवलं आहे.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा विचार केलात तर ही अडचण आणखी जवळून दिसेल. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे, गावावरून पेणकर, नवगावकर अशी आडनावं लावणारे हे यहुदी लोक. त्यांच्यातले तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आता हजार वर्षांनी अशा घराचं उत्खनन झालं असं समजा. पाटा-वरवंटा शेजाऱ्यासारखाच, तांब्याची भांडी तीच, घाणाही तसाच. त्या घराची सगळ्यात ठळक ओळख म्हणजे शनिवारी घाणा फिरत नसे. न फिरलेला घाणा जमिनीतून कसा खणून काढायचा? पुरातत्त्वज्ञाला ही मर्यादा मान्य करून काम करावं लागतं. म्हणून तो दाराच्या चौकटीवरची खूण शोधतो, कचऱ्याच्या खड्ड्यात कुठल्या प्राण्याची हाडं नाहीत ते मोजतो, कबर कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते पाहतो. केलेल्या गोष्टींइतक्याच टाळलेल्या गोष्टी महत्त्वाच्या असतात.

आता दुसरा प्रश्न, आयुष्य कसं जातं याचा.

उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे उत्खनन. पहाटे सुरुवात, दुपारी ऊन चढलं की खोदकाम बंद, आणि मग धुणं. आपल्याकडच्या उत्खननांवर 'पॉटरी यार्ड' म्हणतात ती जागा : जमिनीवर दोरीनं किंवा चुन्यानं चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एकेका थराची खापरं वाळत घातलेली. विद्यार्थिदशेत मी महाराष्ट्रातल्या एका उत्खननावर हे काम केलं आहे. टबात पाणी, हातात दात घासायचा जुना ब्रश, आणि बजावून सांगितलेलं की तुटलेली कड घासायची नाही. त्या ताज्या कडेवर मातीचा पोत दिसतो. भिंगातून पाहिलं की अभ्रक चकाकतं किंवा ज्वालामुखीच्या खड्यांचे काळे कण दिसतात. इस्कियावर याच युक्तीनं युबियाहून आलेलं भांडं आणि युबियाच्या धाटणीचं पण बेटाच्याच मातीत घडलेलं भांडं वेगळं करतात.

मग चित्रण. काठाचा एक तुकडा घ्यायचा, काठ खाली करून टेबलावर टेकवायचा आणि पुढे-मागे हलवायचा. काठाखालून येणारी प्रकाशाची फट पूर्ण मिटली की भांडं मुळात त्याच कोनात उभं होतं हे कळतं. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या कागदावर काठ ठेवून तोंडाचा व्यास मोजायचा. बोटभर लांबीच्या तुकड्यावरून अख्ख्या घागरीचं तोंड कागदावर उमटतं. पहिल्यांदा हे मला जमलं तेव्हा मी ते चित्र शेजारच्या तिघांना दाखवून आलो होतो.

वर्षातले उरलेले महिने गोदामात आणि ग्रंथालयात जातात. प्राचीन ग्रीक आणि लॅटिन तर हवंच. शिवाय वाचण्यापुरती तरी इटालियन, जर्मन, फ्रेंच, कारण जुने अहवाल त्या भाषांत आहेत. बुख्नर-रिजवे यांचा अहवालही इटालियनमध्येच आहे. रोममध्ये जर्मनांची पुरातत्त्व संस्था 1829 पासून आहे, अथेन्समध्ये फ्रेंचांची 1846 पासून, अमेरिकनांची 1881 पासून, ब्रिटिशांची 1886 पासून. परदेशी विद्यार्थी बहुधा अशा संस्थांच्या आधारानं काम करतो. सापडलेली प्रत्येक वस्तू त्या देशाच्या मालकीची असते आणि खोदण्याचा परवाना सहज मिळत नाही, म्हणून पुष्कळ प्रबंध जुन्या उत्खननांतली, पेट्यांत पडून राहिलेली खापरं उघडून लिहिले जातात. माझ्या मते हेच काम आज सगळ्यात निकडीचं आहे. नवा खड्डा खणून अहवाल न लिहिण्यापेक्षा जुनी पेटी उघडून तो पुरा करणारा अभ्यासक मला मोठा वाटतो.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, कारण घरच्यांना ते कळलेलं बरं. पीएच.डी.नंतर एक-दोन-तीन वर्षांच्या करारावरच्या जागा, त्याही वेगवेगळ्या देशांत. कायम प्राध्यापकी मोजक्यांनाच मिळते. काही जण संग्रहालयांत जातात. काही जण रस्ते आणि मेट्रोच्या आधी होणाऱ्या बचाव-उत्खननांत जातात. रोम, नेपल्स, थेसालोनिकी इथं मेट्रोच्या बोगद्यांनी पुरातत्त्वज्ञांना वर्षानुवर्षं काम दिलं आहे. भाची तिशी ओलांडेपर्यंत तिला 'अजून शिकतेच का?' असं विचारू नका. त्या काळात ती शिकत नसते, काम करत असते.

तिसरा प्रश्न तुमच्या गावचा. टाऊन हॉलमधली ती मूर्ती पोसायडनची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर ती इतर कांस्यवस्तूंबरोबर मिळाली. तिथं 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं. सांकलियांनी खोदकामाचं शिक्षण घेतलं होतं ते इंग्लंडमध्ये मेडन कॅसलला, मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली. त्या वस्तूंमध्ये भूमध्य समुद्राकडची कामं आहेत आणि इथल्या घडणीची आहेत. एका घरात दोन्ही नांदत होत्या. पोसायडन सापडला म्हणून सातवाहनांच्या काळात कोल्हापुरात रोमन राहत होते असं म्हणणं, ही त्या सेफ्टीपिनवरून माहेर ठरवण्यासारखीच चूक होईल. याचं दुसरं टोक नेपल्सच्या संग्रहालयात आहे. 1938 मध्ये पाँपेईच्या राखेतून एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणून पाँपेईत मराठवाड्यातलं कुणी राहत होतं, असं नाही. मूर्ती गेली, माणूस गेलाच, असं नाही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र माणूस स्वतः बोलतो. तिथल्या काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत आणि त्यांतले कित्येक जण स्वतःला धेनुकाकटचे 'यवन' म्हणवतात. नावं पाहा : सिहधय, यसवधन. नाव इथलं, भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला, आणि तरीही 'यवन' हा शब्द त्यांनी दगडात कोरून घेतला, कुणी विचारलं नसताना. ते मूळचे ग्रीक होते, ग्रीकांच्या वंशातले होते, की पश्चिमेकडच्या व्यापारात असल्यामुळे त्यांना तसं म्हणत, यावर आजही वाद आहे. अथेन्सच्या अँटिपाट्रोसला दोन नावं हवी होती. कार्ल्याच्या सिहधयाला एक नाव पुरलं, पण सोबत ही एक ओळख हवी होती.

भाची सुट्टीत आली की तिला घेऊन सगळे जण कार्ल्याला जा. दुपारनंतर जा, चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे तेव्हा आत उजेड चांगला येतो. खांबावरचं ते 'यवन' तिला वाचून दाखवायला सांगा, आणि मग तिचा विषय काय आहे ते पुन्हा एकदा विचारा.